ओलं कार्पेट, गोड वास: जुन्या जीपचा हीटर कोअर घरी बदलताना

गाडी २००० सालची जीप चेरोकी. सहा सिलिंडरचं ४.० लिटर पेट्रोल इंजिन, स्टिअरिंग डावीकडे. मालक माझा मावसभाऊ, राहायला मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या पश्चिमेला. गाडी त्याने सेकंडहँड घेतलेली. ऑक्टोबर सरत आला तेव्हा त्याच्या तक्रारी एकामागून एक येऊ लागल्या. समोरची काच आतून धूसर होते आणि पुसली की तेलकट फराटे उठतात. उजव्या सीटवर बसणाऱ्याच्या पायाखालचं कार्पेट ओलं लागतं. कूलंटची बाटली वरचेवर भरावी लागते. हीटर लावला की गोडसर वास येतो, हे त्याने सगळ्यात शेवटी सांगितलं, आणि निदानाच्या दृष्टीने तेच सगळ्यात मोलाचं होतं.

हीटर कोअर म्हणजे डॅशबोर्डच्या पोटात बसवलेला छोटा रेडिएटर. आपल्याकडचे मेकॅनिक त्याला हीटर कॉइल म्हणतात. इंजिनातलं गरम कूलंट एका होज पाइपने त्यात येतं, दुसऱ्याने परत जातं. ब्लोअरची हवा त्याच्या पात्यांमधून फिरून गरम होते आणि पायावर किंवा काचेवर येते. कोअर फुटला तर कूलंट हवेसोबत वाफेच्या रूपाने केबिनमध्ये येतं आणि उरलेलं खाली कार्पेटात मुरतं. काचेवरचा तो तेलकट थर कूलंटमधल्या ग्लायकॉलचा. नुसत्या दमटपणाने आलेलं धुकं पुसलं की जातं, हे मात्र पसरतं.

सुटा भाग शंभर डॉलरच्या आत मिळतो. खर्च आणि कष्ट आहेत ते तिथवर पोचण्याचे. या गाडीत कोअर ज्या पेटीत आहे त्याच पेटीत एसीची कूलिंग कॉइल आहे, आणि ती पेटी डॅशबोर्ड सोडवल्याशिवाय बाहेर येत नाही. म्हणून एवढं सगळं उघडण्याआधी दोष नेमका तिथेच आहे याचा पुरावा हातात हवा, यावर मी अडून बसलो.

गळती नक्की कुठून?

भावाची भीती वेगळी होती. "दादा, हेडच गेलं असेल का रे?" त्याने विचारलं, आणि ही शंका पोकळ नव्हती. २००० आणि २००१ सालच्या या इंजिनांवर ०३३१ या कास्टिंग क्रमांकाचं सिलिंडर हेड, म्हणजे सिलिंडरवर बसणारा इंजिनाचा वरचा भाग, आलं. ते तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या मध्ये तडकतं, यासाठी जीपवाल्यांमध्ये बदनाम आहे. तडकलं की कूलंट ऑइलमध्ये उतरतं. बाहेर कुठे थेंब दिसत नाही, बाटली मात्र रिकामी होत राहते. आमच्या गाडीच्या हेडवर तोच क्रमांक होता. तेव्हा आधी त्याचा निकाल लावला. ऑइल भरायचं झाकण काढून टॉर्चने आत पाहिलं. दुधट साय नव्हती. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ होतं. रेडिएटरच्या तोंडाशी जळलेल्या वायूची रासायनिक चाचणी केली. तिचा निळा द्रव कूलंटमध्ये एक्झॉस्टचा वायू मिसळत असेल तर पिवळा पडतो. आमचा निळाच राहिला.

मग कार्पेट. तिथलं पाणी तीन ठिकाणांहून येऊ शकतं: पावसाचं, एसीच्या निचऱ्याचं, नाहीतर कोअरचं. एसीचा निचरा थंडीच्या तोंडावर कशाला पाहायचा, असं वाटेल. पण काचेवर हवा सोडण्याची स्थिती निवडली की हवा कोरडी करायला एसीचा कॉम्प्रेसरही चालतो, आणि ते पाणी बाहेर टाकणारी नळी पानांनी तुंबली तर ते आत कार्पेटवर येतं. फरक ओळखायला पांढरा टिश्यू पुरतो. एसीचं आणि पावसाचं पाणी बिनवासाचं, बोटांत घेतलं तर साधं पाणी. आमच्या टिश्यूवर फिकट हिरवा डाग उठला आणि बोटं बुळबुळीत झाली.

महाराष्ट्रात वाचणाऱ्यांसाठी इथे थांबून सांगायला हवं. जुलैमध्ये घाटातून आल्यावर पायाखाली ओलं लागलं तर बहुतेक वेळा दोष निचऱ्याच्या नळीचा असतो. ती साफ करणं हे काही मिनिटांचं काम आहे. हीटर कॉइल फुटली म्हणून कोणी डॅशबोर्ड उघडायला निघाला तर त्याच्याकडे आधी टिश्यूवरचा डाग मागा.

शेवटचा पुरावा प्रेशर टेस्टरने मिळवला. इंजिन थंड असताना रेडिएटरच्या कॅपऐवजी टेस्टर बसवायचा, हातपंपाने कॅपवर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरायची आणि काटा पाहत राहायचं. काटा हळूहळू उतरत होता, बॉनेटखाली मात्र सगळं कोरडं. मग फायरवॉलपाशी, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यापाशी, हीटरचे दोन्ही होज काढले आणि एक तुकडा घालून इंजिनाच्या बाजूने एकमेकांना जोडले, म्हणजे कोअर वर्तुळातून बाहेर. पुन्हा दाब भरला. काटा जागचा हलला नाही. हे झालं तेव्हाच माझ्या मनातली शंका मिटली. वास, डाग, धूसर काच या सगळ्या खुणा आहेत. कोअर वगळला की गळती थांबते, हा पुरावा आहे.

जोडून टाकावं का?

होज जोडलेले होतेच, तसेच राहू द्यायचे का, असा प्रश्न भावाने केला. पुण्यात किंवा नाशकात मी बिनधास्त हो म्हटलं असतं. आपल्याकडे असंख्य जुन्या गाड्या अशाच चालतात आणि पावसाळ्यात काचेवरचं धुकं एसीने निघतं. मिशिगनमध्ये जानेवारीत पारा शून्याच्या खूप खाली असतो. तिथे काचेवर गरम हवा नसेल तर आतून श्वासाचं आणि बाहेरून आकाशातलं बर्फ साचतं. नव्या गाडीत काच मोकळी करणारी यंत्रणा असलीच पाहिजे, असं अमेरिकेचं संघीय मोटार वाहन सुरक्षा मानक क्रमांक १०३ सांगतं, ते उगाच नाही. काम होईपर्यंत कोरड्या दिवशी जवळपास फिरायला ही जोडणी चालवली, त्यापुढे नाही.

गळती बुजवणारी पावडर किंवा द्रव घालण्याचा सल्ला त्याला कुणीतरी दिला होता. मी ठाम नकार दिला. ते रसायन भोक शोधून बसत नाही, जिथे वाट अरुंद तिथे साचतं, आणि कूलिंगच्या सगळ्या वर्तुळात सगळ्यात अरुंद वाटा कोअरच्याच असतात. जे बदलायचं आहे ते तुंबलं तर एक वेळ चालेल, पण रेडिएटरच्या नळ्याही त्याच मार्गात आहेत.

गॅरेजने सांगितलेली मजुरी गाडीच्या किमतीशी ताडून पाहता परवडणारी नव्हती. घराला गॅरेज होतं, हत्यारं होती, घाई नव्हती. फक्त एक भाग घरी करायचा नाही हे आधीच ठरलं: एसीचा गॅस.

पेटी काढायची तर कूलिंग कॉइलच्या नळ्या सोडवाव्या लागतात, आणि त्यांत दाबाखाली आर-१३४ए असतो. वातावरण तापवण्याच्या बाबतीत तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त प्रभावी आहे. अमेरिकेत तो हवेत सोडणं कायद्याने गुन्हा आहे, आणि पैसे घेऊन गाडीचा एसी दुरुस्त करणाऱ्याला प्रमाणपत्र लागतं. म्हणून गाडी आधी एसीच्या दुकानात नेली, त्यांनी यंत्राने गॅस काढून घेतला, आणि मग घरचं काम सुरू झालं. आपल्याकडे व्हॉल्व्हची पिन दाबून गॅस फुस्सकन सोडून देणारे मी पाहिले आहेत. हे थांबायला हवं, असं मला मनापासून वाटतं. गॅस डोळ्यांत गेला तर इजा होते ती वेगळीच.

डॅशबोर्ड

सगळ्यात आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढून बाजूला बांधली आणि एअरबॅगच्या यंत्रणेतली साठवलेली वीज उतरावी म्हणून दुरुस्तीच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे किमान २ मिनिटं थांबलो. खरं तर चहा होईपर्यंत थांबलो, कारण इथे घाई करण्यात काहीच मिळवायचं नाही. या गाडीत १९९७ पासून दोन्ही बाजूंना एअरबॅग आहेत. उजवीकडची डॅशबोर्डमध्येच असते. ती काढून नेताना तिचं तोंड आपल्या अंगापासून दूर ठेवायचं आणि टेबलावर ठेवताना तोंड वर, म्हणजे काही झालंच तर ती मोकळ्या हवेत फुगेल, भिरकावली जाणार नाही.

रेडिएटरमधलं कूलंट स्वच्छ बादलीत काढलं आणि बादलीवर लगेच झाकण ठेवलं. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात, आणि थोड्याशा मात्रेनेही त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. शेजारी लहान मुलं असली तर ही काळजी दुप्पट. हे कूलंट गटारात जाता कामा नये; ते घेणारं संकलन केंद्र होतं, तिथे दिलं.

इंजिनाच्या बाजूने पेटीचे नट फायरवॉलमधून आलेल्या स्टडवर बसतात. मिशिगनच्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात, त्याने हे नट गंजून एकजीव झालेले असतात. त्यांवर आदल्या दिवशीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं, म्हणून एकही स्टड तुटला नाही. हीटरचे होज कोअरच्या नळ्यांवर घट्ट बसले असतील तर ते पिळून काढू नयेत. ब्लेडने उभे चिरावेत. होज स्वस्त आहे, आणि पिळताना कोअरची नळी वाकते. जुन्या कोअरची वाकली तर वाकू दे, पण हीच सवय पुढे नव्या कोअरचा बळी घेते.

आतलं काम किचकट आहे, अवघड नाही. ग्लव्हबॉक्स, स्टिअरिंगखालचं पॅनेल, मधला कन्सोल, मीटरभोवतीची चौकट, मग काचेच्या बुडाशी आणि दोन्ही दारांजवळ डॅशबोर्डचे बोल्ट. स्टिअरिंगचा खांब सोडून सीटवर टेकवला. चाक मात्र सरळ बांधून ठेवलं, कारण खांब मोकळा असताना ते फिरलं तर एअरबॅगच्या तारेची गुंडाळी तुटते. प्रत्येक वायरच्या जोडावर चिकटपट्टी लावून मराठीत नाव लिहिलं आणि सोडवण्याआधी फोटो काढला. स्क्रूंसाठी वहिनीने जुना मसाल्याचा डबा दिला. एका वाटीत एका भागाचे स्क्रू आणि वाटीखाली चिठ्ठी, ही सोय इतकी चांगली ठरली की मी ती सगळ्यांना सुचवतो. जुनं प्लास्टिक थंडीत ठिसूळ होतं, म्हणून गॅरेजमध्ये हीटर लावून मगच क्लिपांना हात घातला.

एक पातळ नळी लक्षात ठेवण्यासारखी आहे. या जीपमध्ये हवा पायावर, छातीवर की काचेवर, हे इंजिनाच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे ते हवा ओढतं त्या खेचेवर, ठरतं. व्हॅक्यूम साठवणारा प्लास्टिकचा गोळा पुढच्या बंपरमागे असतो. तो फुटला किंवा ही नळी निसटली तर हवा सारखी काचेवरच जाते. नळी ओढून काढली तर तुटते आणि नंतरचा दोष शोधणं जिकिरीचं होतं. तिच्या जोडाला आधी गरम हवा दिली, मग ती सहज सुटली.

पेटीच्या आत

पेटी टेबलावर आली आणि दोन तुकडे वेगळे झाले, तेव्हा गाडीचा सगळा इतिहास समोर होता. कूलिंग कॉइलवर कुजलेल्या पानांचा आणि सुयांसारख्या पाइनच्या पात्यांचा थर. गरम-गार हवा मिसळणाऱ्या झडपेवरचा फोम भुगा झालेला. कोअरच्या एका टोकाला, जिथे नळ्या टाकीला जोडल्या जातात तिथे, हिरवट-पांढरी पुटं.

इथे एक निर्णय घ्यावा लागतो, आणि तो घेताना कंजूषपणा करू नये असं माझं मत आहे. पेटी पुन्हा उघडायची वेळ येऊ नये म्हणून आत जे जे जुनं आहे ते आत्ताच बदलायचं. कूलिंग कॉइल चालू स्थितीत होती, तरी नवी घातली. झडपेला बंद छिद्रांचा फोम लावला. एसीच्या जोडांना नवे ओ-रिंग, आणि यंत्रणा उघडी राहिली होती म्हणून ओलावा शोषणारा अॅक्युम्युलेटर नवा.

नवा कोअर पेटीत घालण्याआधी दोन गोष्टी केल्या. जुना आणि नवा शेजारी ठेवून नळ्यांची लांबी आणि कोन जुळवले. मग एक नळी बंद करून दुसरीतून बेताची हवा भरली आणि कोअर पाण्याच्या बादलीत बुडवला. बुडबुडे आले नाहीत. सदोष नवा भाग डॅशबोर्ड बसवल्यावर कळणं, यासारखी निराशा या कामात दुसरी नाही. कोअरच्या कडांना फोमची पट्टी लावली. ती नसली तर हवा पात्यांतून न जाता बाजूने निसटते आणि नवा कोअर असूनही गाडी नीट तापत नाही.

कार्पेटही पूर्ण उचललं. खालचा जाड थर स्पंजासारखा कूलंट धरून होता. ग्लायकॉल सहज वाळत नाही. वरवर पुसलं तर वास महिनोन् महिने येत राहतो. तो थर बाहेर काढून पाण्याने धुतला, वाळवला. पत्र्यावर वरवरचा गंज धरला होता, तो घासून रंग लावला.

कोअर का मेला?

हा प्रश्न विचारल्याशिवाय नवा कोअर जोडणं मला पटत नव्हतं. कोअर वयाने जातो हे खरं. पण जुन्या कूलंटमध्ये चाचणीची पट्टी बुडवली तर आम्लता वाढलेली दिसली, म्हणजे गंज रोखणारी रसायनं संपलेली. बाटलीत वरचेवर नळाचं पाणी टाकलं गेलं होतं. इंजिनाचा ब्लॉक आणि हेड बिडाचं, रेडिएटर आणि कोअर अॅल्युमिनियमचे. अशा दोन धातूंमध्ये संरक्षण गेलेलं पाणी आलं की हलक्या धातूची झीज सुरू होते.

दुसरं कारण मल्टिमीटरने सापडलं. गाडी खोलायला घेण्याआधी एक मोजणी करून ठेवली होती. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन रेडिएटरच्या तोंडातून फक्त कूलंटमध्ये, धातूला न टेकवता. इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू. ०.३ व्होल्टच्या वर दिसलं तर काळजी करावी, असा सर्वसाधारण आडाखा आहे. आमचा आकडा ०.६ च्या आसपास होता. या इंजिनात हेडच्या मागच्या टोकापासून फायरवॉलपर्यंत अर्थिंगची विणलेली पट्टी असते. ती मिठाने खाऊन थोड्याच तारांवर टिकली होती. परतीची वाट अशी अरुंद झाली की वीज मिळेल त्या वाटेने जाते, आणि कूलंट ही त्यातलीच एक वाट. आम्लता आणि विजेची गळती, यांतलं कोणतं कारण किती, ते वेगळं करता येत नाही. दोन्ही दूर करायची होती. रबरी वेष्टणाची जाड तांब्याची केबल घातली, दोन्ही टोकांचा रंग खरवडून चकाकतं पत्र्याचं अंग उघडं केलं, बोल्ट कसल्यावर वरून ग्रीस लावलं.

भरणं आणि तपासणं

कूलिंगची यंत्रणा धुऊन अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड वॉटर असं मिश्रण भरलं. हे मिश्रण साधारण उणे ३७ अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही. कूलंट जास्त घातलं तर अधिक बरं, असा समज आहे, तो चुकीचा. निव्वळ ग्लायकॉल मिश्रणापेक्षा लवकर गोठतं आणि उष्णताही कमी वाहून नेतं.

हवा काढण्यासाठी गाडीचं नाक उतारावर वर करून उभं केलं, हीटर पूर्ण गरमवर, रेडिएटरची कॅप उघडी. रेडिएटरकडची कूलंटची वाट उघडणारा थर्मोस्टॅट ९१ अंशांच्या आसपास उघडतो; तो उघडला की पातळी एकदम खाली गेली, पुन्हा भरली. डॅशबोर्डमागून येणारा खळखळ आवाज थांबला तेव्हा कोअरमधली हवा निघाली हे कळलं. डॅशबोर्ड पूर्ण कसण्याआधीच हे सगळं केलं आणि प्रेशर टेस्टर पुन्हा लावला. काटा स्थिर. फायरवॉलवरचे दोन्ही होज हाताला सारखेच गरम लागत होते. एक गरम आणि एक कोमट असतं तर कोअरमध्ये प्रवाह अडला आहे असं समजलो असतो.

एसीच्या दुकानात हवा खेचून नळ्या निर्वात केल्या, ती स्थिती टिकते का ते पाहिलं, आणि बॉनेटखालच्या लेबलवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस भरला. कूलंटमधली मोजणी पुन्हा घेतली तेव्हा मीटर ०.१ व्होल्टच्या खाली होता. मधल्या जाळीत थर्मामीटर खोचून मोजलं तर हवा ५५ अंशांवर आली. बाटलीवर मार्करने रेघ मारून ठेवली. पूर्ण हिवाळाभर पातळी त्या रेघेशीच राहिली.

भाऊ आता वर्षातून एकदा, थंडी सुरू होण्याआधी, कूलंटमध्ये चाचणीची पट्टी आणि मल्टिमीटरची पिन बुडवून पाहतो. ०३३१ चं हेड अजून तेच आहे, म्हणून ऑइलचं झाकणही उघडून बघतो.